खालून बघायचं घर

सिॲटल शहराच्या ऐन मध्यात लेक युनियन नावाचं तळं आहे. त्याच्या काठाकाठाने आणि शेजारच्या पोर्टेज बेमध्ये मिळून पाचशेच्या आसपास घरं पाण्यावर तरंगत उभी आहेत. यांना बोट म्हणता येत नाही. इंजिन नाही, सुकाणू नाही, शीड नाही. बाकी सगळं आहे: गॅसची शेगडी, कपडे धुण्याचं मशीन, घराला नंबर, दाराशी कुंड्या, कुंड्यांत पुदिना. फक्त खाली जमीन नाही. मुलगी युनिव्हर्सिटीत राहायला गेल्यापासून बॉथेल उपनगरातलं आमचं घर आम्हा दोघांच्या अंगावर येतं, म्हणून लहान घर शोधत होतो. त्यात हे एक विकाऊ निघालं. पाणी दिसलं की नवऱ्याचा विवेक सुटतो हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे. म्हणून वही मी घेतली.

*

गाडी रस्त्यावरच सोडायची, तीही जागा मिळाली तर. फाटक उघडून लाकडी फळ्यांच्या अरुंद धक्क्यावरून चालत जायचं. दोन्ही बाजूंना घरं, त्यांची दारं अगदी हातभर अंतरावर. फाटकापाशी दोन-तीन हातगाड्या उभ्या होत्या, सगळ्यांच्या सामाईक. किराणा, टीव्ही, गादी, भारतातून आलेल्यांच्या बॅगा, जे काही घरात जाणार ते या हातगाडीवरून. सोना मसूरीचं वीस पाउंडांचं पोतं पावसात शेवटच्या घरापर्यंत ढकलत नेतेय, हे चित्र डोळ्यांसमोर ठेवूनच पुढचं बघायचं असं मी ठरवलं. आणि शेवटचंच घर सगळ्यांत महाग. कारण त्याच्यासमोर दुसऱ्याचं घर नसतं, नुसतं पाणी असतं.

*

घर सुंदर आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. जिन्याच्या प्रत्येक पायरीत ड्रॉवर. माळ्यावर झोपायची जागा, तिथे फक्त वाकून जाता येतं. दुपारचं ऊन पाण्यावरून उलटून छतावर हलत होतं. एजंटबाई त्याबद्दल काही बोलल्या नाहीत; तो उजेड किमतीत धरलेला असावा.

शेजारच्या घराच्या डेकवर एक आजी टोमॅटोला पाणी घालत होत्या. चाळीस वर्षांहून जास्त काळ याच धक्क्यावर राहताहेत. आमच्याकडे बघून म्हणाल्या, "स्वयंपाकघर बघून झालं असेल तर पाणबुड्याचा रिपोर्ट मागा." एजंटबाई हसल्या. रिपोर्ट आहेच, म्हणाल्या. पण तो पुढे करायचं त्यांनी आपण होऊन मनावर घेतलं नव्हतं.

*

जुन्या घरांच्या खाली ओंडक्यांचा तराफा असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे लाकूडतोडीचा धंदा जोरात होता. तळ्याकाठी लाकडाच्या गिरण्या, गिरण्यांसाठी पाण्यातून ओढत आणलेले ओंडके. काम करणाऱ्यांनी तसलेच ओंडके एकत्र बांधून त्यांवर खोपटी ठोकली. सीडर नाहीतर डग्लस फर, शेकडो वर्षं वाढलेल्या झाडांचे, कवेत न मावणारे. आज तसे ओंडके पैसे टाकूनही मिळणं कठीण, कारण तशी झाडंच फारशी उरलेली नाहीत. त्यामुळे लोक वरचं घर पाडून नवं बांधतात आणि खालचा जुना तराफा तसाच ठेवतात. वर क्वार्ट्झचा ओटा, खाली आजोबांच्या वेळचं लाकूड.

ते लाकूड कुजत कसं नाही, हा पहिला प्रश्न. पूर्ण बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही, म्हणून त्याला बुरशी लागत नाही. कुजतं ते पाणी आणि हवा जिथे भेटतात त्या पट्ट्यात. दुसरं म्हणजे समुद्रात लाकूड पोखरून त्याची चाळण करणारा शिंपल्याच्या कुळातला जो किडा असतो, तो गोड्या पाण्यात जगत नाही. हे तळं कालव्याने समुद्राला जोडलेलं आहे, पण मध्ये बॅलर्डचे लॉक्स, म्हणजे पाणी अडवणारे दरवाजे आहेत, १९१७ पासून. बोटी जातात-येतात, समुद्राचं खारं पाणी बाहेर राहतं. ते दरवाजे नीट चालताहेत तोवर या घरांचे पाय शाबूत.

एजंटबाईंनी डेकची एक फळी उचलून दाखवली. खाली हिरवट-काळं पाणी, त्यात ओंडक्याची पाठ, तिच्यावर शेवाळ, आणि दोन ओंडक्यांच्या मधून निळ्या प्लास्टिकच्या पिंपाचं गोल बूड दिसत होतं. पिंपात हवा असते. ओंडके वर्षानुवर्षं पाणी पितात, जड होतात, घर हळूहळू खाली बसतं. मग पाणबुड्या येऊन खाली अशी पिंपं नाहीतर फोमचे ठोकळे सारतो. मी पालथी पडून ओंडका आणि त्याच्यावरची आडवी तुळई यांच्या मधे हात घातला. पाचर लागली हाताला. पाचर कोरी, कडा धारदार. तुळई नखाने खरवडली तर भुसा निघत होता. नवऱ्याने विचारलं, "हे काम केव्हाचं?" एजंटबाई म्हणाल्या, "विचारून सांगते." ते शब्द वहीत लिहून मी खाली रेघ मारली.

नव्या घरांना काँक्रीटचा तराफा असतो, आत फोम. काहींना तर तळघरही असतं, पाण्याच्या पातळीखाली. दाम अर्थातच तसाच.

*

ओपन हाऊससाठी ओट्यावर लिंबांची टोपली मांडलेली होती. (का कोण जाणे, अमेरिकेत विकाऊ घरात लिंबं असतातच. सरबत कुणी देत नाही.) एक लिंबू उचलून ओट्यावर ठेवलं. ते सावकाश सिंककडे निघालं आणि काठाला लागून थांबलं. फोनवरचं लेव्हलचं ॲप लावलं: दीड अंश, वायव्येकडे. उतार दिसत नव्हता, पण आता कळल्यावर पायांना लागायला लागला. आधीच्या मालकांचा पियानो समोरच्या कोपऱ्यात होता, तो नेल्यामुळे असं झालं, असा खुलासा मिळाला. खरा असेलही. जमिनीवरच्या घरात पियानो नेला तर भिंतीवर फक्त डाग उरतो.

*

रात्री घरी बसून हिशेब मांडला. तराफा सलग सहाशे चौरस फुटांचा धरला, तर तो इंचभर बुडवायला साधारण चौदाशे किलो वजन लागतं. ऐकायला बरं वाटतं. पण वजन सगळीकडे सारखं पसरलं तरच. ओंडक्यांच्या मधल्या फटी धरल्या तर आकडा आणखी खाली येतो, आणि सगळा भार एका कोपऱ्यात दिला तर घर कलतं, बुडायची गरजच पडत नाही. इथल्या लोकांना सोफा शोभेल तिथे ठेवून घर लावणं परवडत नाही. फ्रिज या भिंतीला आला की पुस्तकं त्या भिंतीला गेली पाहिजेत.

आमच्याकडे विश्वकोशाचे खंड आहेत. नवऱ्याच्या वडिलांनी जमवलेले, कंटेनरमधून आणलेले. शिवाय पाटा-वरवंटा, जो मी वापरत नाही आणि टाकतही नाही. शिवाय गणपतीत आरतीला चाळीस माणसं येतात आणि सगळी मूर्तीच्याच बाजूला उभी राहतात. मखर घराच्या मध्यावर मांडावं लागेल, असं नवरा गंभीरपणे म्हणाला. तो घर घ्यायच्या तयारीत आहे, हे मला तेव्हा कळलं.

*

हलतं का? सगळे पहिल्यांदा हेच विचारतात. फारसं नाही. घर चार खांबांना साखळ्यांनी आणि कड्यांनी असं बांधलेलं असतं की वर-खाली होईल, इकडे-तिकडे नाही. एखादी टग बोट जवळून गेली की टेबलावरचा टांगता दिवा थोडा वेळ डुलतो. पाण्याचा पाइप, गॅस, वीज, ड्रेनेज, सगळ्या जोडण्या धक्क्यापासून घरापर्यंत लवचीक आणि सैल सोडलेल्या. हा सैलपणा मुद्दाम ठेवलेला. तळ्याची पातळी अमेरिकन लष्कराचं इंजिनिअर खातं सांभाळतं. हिवाळ्यात ती उन्हाळ्यापेक्षा दोनेक फूट खाली उतरवतात. घरही तेवढं खाली जातं.

*

ड्रेनेजबद्दल विचारायला कुणाला आवडत नाही. मला आवडतं.

तीसच्या दशकात सिॲटलमध्ये अशी दोन हजारांवर घरं होती, आणि सगळ्यांची घाण थेट पाण्यात. राहणारे कोण? लाकूडतोडे, खलाशी, गोदीतले मजूर, पुढे विद्यार्थी, चित्रकार, आणि जमिनीवर भाडं न परवडणारे. १९६२ साली शहरात जागतिक प्रदर्शन भरलं, स्पेस नीडल उभी राहिली, आणि पाहुण्यांच्या नजरेला ही खोपटी खुपायला लागली. हटवायचं कारण हाताशी होतंच: तळं घाण करतात. त्याच वर्षी या लोकांनी फ्लोटिंग होम्स असोसिएशन काढली. टेरी पेटस तिच्यामागचं डोकं. पेटस मुळात पत्रकार, कामगार चळवळीतला, कम्युनिस्ट. पन्नासच्या दशकात, सरकार उलथवण्याचा प्रचार गुन्हा ठरवणाऱ्या स्मिथ ॲक्टखाली त्याच्यावर खटला होऊन शिक्षा झाली होती आणि ती वरच्या कोर्टात रद्द झाली होती. सरकारी नोटिशीला घाबरण्याच्या पलीकडे गेलेला माणूस.

त्याचा युक्तिवाद मला फार आवडला. शहराची स्वतःची गटारं याच तळ्यात किती घाण सोडतात, हे त्याने आधी मोजायला लावलं. आणि मग तिथेच न थांबता, आम्हाला ड्रेनेजची लाइन द्या, आम्ही जोडून घेतो, असा आग्रह धरला. म्हणजे विरोधकाचं कारणच काढून घेतलं. साठच्या दशकातच घरं एकामागून एक शहराच्या ड्रेनेजला जोडली गेली. झोपडपट्टी हटवण्याच्या आणि वाचवण्याच्या मोहिमा आपण मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या बघतोय. वाचवणाऱ्यांनीच आधी नळ आणि गटार मागून घेतलं की पाडणाऱ्याची पंचाईत होते, हा धडा तिथलाही आहे. पेटसच्या नावाने तळ्याच्या पूर्वेकडच्या ईस्टलेक वस्तीत, काठावर छोटीशी बाग आहे. आम्ही तिथे बसूनच डबा खाल्ला.

आता व्यवस्था अशी: घराला एक लहान टाकी, तिच्यात दळून पुढे ढकलणारा पंप, तिथून मैला धक्क्याखालच्या पाइपातून काठावरच्या लाइनीत. वीज गेली की पंप बंद. टाकी किती तास पुरते हे मी विचारलं. आजींनी थेट उत्तर दिलं: "पाहुणे किती आहेत त्यावर."

*

आता मुख्य गोष्ट. घर विकत घेता येतं. प्रश्न घराखालच्या पाण्याचा आहे, आणि खरं म्हणजे पाण्याखालच्या तळाचा.

तीन प्रकार आहेत. एक, तळाचा तो तुकडा कॉन्डोसारखा तुमच्या नावावर. दोन, अख्खा धक्का राहणाऱ्यांच्या सोसायटीचा आणि तुमच्याकडे शेअर. तीन, जागा दुसऱ्याच्या मालकीची, तुम्ही महिन्याचं भाडं भरता, ते हजार डॉलरच्या पुढेही जाऊ शकतं. त्याच्यावर आणखी एक थर: तळाचा काही भाग खुद्द राज्य सरकारचा, धक्क्याच्या मालकाने तो भाडेपट्ट्याने घेतलेला. म्हणजे आपण ज्याचे भाडेकरू, तोही कुणाचा तरी भाडेकरू.

मुंबईकराला हे समजावून सांगावं लागत नाही. पागडीच्या खोलीत टाइल्स आपल्या, फर्निचर आपलं, तीन पिढ्या आपल्या, आणि मालक वेगळाच. फरक एवढाच की पागडीची इमारत उचलून दुसरीकडे नेता येत नाही. तरंगतं घर टग बोट लावून नेता येतं. पण न्यायचं कुठे? शहर नव्या जागा काढायला देत नाही, आहेत तेवढ्याच. जागा गेलेलं घर म्हणजे पाण्यावर तरंगणारा लाकूडफाटा. सत्तरच्या दशकात जागांचे मालक भाडी वाढवत होते, लोकांना उठवत होते, तेव्हा हीच त्यांची ताकद होती. १९७७ साली शहराने भाडेकरूंना संरक्षण देणारा कायदा केला, मग त्यावर कोर्टबाजी झाली, काही कलमं गळाली. त्यातून शहाणे झालेल्या धक्क्यांनी वर्गणी काढून मालकाकडून धक्काच विकत घेतला आणि सोसायट्या केल्या.

म्हणून शेजारी-शेजारी दोन सारख्या घरांच्या किमतींत केवढी तरी तफावत असते. बघायला येणाऱ्याला वाटतं, हे स्वस्त आहे. स्वस्त नाही, त्याच्या किमतीत जागा धरलेलीच नाही. आम्हाला जे दाखवत होते ते तिसऱ्या प्रकारातलं. हे जाहिरातीत होतं, बारीक अक्षरांत.

*

कोर्टाचाच एक मजेदार निकाल. फ्लोरिडात रिव्हिएरा बीच या गावाच्या गोदीत फेन लोझमन नावाचा एक गृहस्थ प्लायवूडच्या दुमजली तरंगत्या घरात राहायचा. गावाशी त्याचं भांडण. गावाने समुद्री कायदा लावून, बोट जप्त करावी तसं ते घर जप्त केलं, लिलावात स्वतःच घेतलं आणि मोडून टाकलं. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१३ साली सात विरुद्ध दोन असा निकाल लागला: हे जहाज नव्हे. न्यायमूर्ती ब्रायर यांची कसोटी अशी की, समजदार माणसाने ते बघितल्यावर त्याला ही वस्तू माणसं किंवा माल पाण्यावरून वाहून न्यायला बनवलेली आहे असं वाटलं पाहिजे, तरच ते जहाज. नुसतं तरंगतं म्हणून जहाज ठरत नाही. नाहीतर धुण्याचं लाकडी टपही जहाज ठरेल, बिजागरीवरून काढलेलं दारही, आणि देवमाशाच्या पोटातला पिनोकिओही. हे तिन्ही दाखले खरोखर निकालपत्रात आहेत. लोझमन जिंकला. घर मात्र तोवर उरलं नव्हतं.

*

कर्ज. बॉथेलच्या घरासाठी बँका मागे लागल्या होत्या. इथे देणाऱ्या मोजक्या, आणि जागा भाड्याची असली की त्यातल्याही गळतात. सुरुवातीची रक्कम जास्त, मुदत कमी. विमाही नेहमीचा चालत नाही, वेगळा घ्यावा लागतो, आणि विमा कंपनी पाणबुड्याचा रिपोर्ट मागते. मालमत्ता कर मात्र काउंटी बिनचूक घेते. कर घेताना ते घर असतं, कर्ज देताना त्याचं काय होतं कुणास ठाऊक.

*

सासूबाई चिपळूणला असतात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांच्या गच्चीवर रात्र काढली. व्हिडिओ कॉलवर त्यांना हे घर दाखवलं.

"पाण्यावर? तुम्हाला दोघांना काय झालंय काय? आम्ही पाण्यातून घर काढायच्या मागे, नि तुम्ही घर पाण्यात घालताय."

"आई, पाणी चढलं की हे घरही चढतं."

जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग असं इथे का नाही बांधत कोण?"

प्रश्न रास्त आहे. नेदरलँड्समध्ये मास नदीच्या काठी मासबोमेल गावात अशी घरं आहेत, एरवी जमिनीवर टेकलेली, पूर आला की खांबांच्या आधाराने वर उचलली जाणारी. पण तिथे पाणी चढतं, घुसत नाही. वाशिष्ठीचं पाणी गाळ, झाडं, गाड्या घेऊन येतं. तराफा उभ्या पाण्याला तोंड देतो. धावत्या पाण्याला आणि त्यातून येणाऱ्या ओंडक्याला नाही. आणि सिॲटलच्या या घरांचा तर पुराशी संबंधच येत नाही. त्यांचं तळं लॉक्सवर बसलेला माणूस फुटा-फुटाने सांभाळतो. ती तरंगतात ती पुरावरचा उपाय म्हणून नव्हे. जमीन परवडत नव्हती म्हणून तरंगायला लागली.

*

काश्मीरचंही असंच सांगतात. महाराजांनी परक्यांना जमीन घेऊ दिली नाही, म्हणून इंग्रज दल सरोवरावर हाऊसबोटी बांधून राहिले. जमिनीने नाकारलेला माणूस पाण्यावर जातो. लेक युनियनवर पुढचा अंकही बघायला मिळतो: ज्यांना नाकारलं त्यांची खोपटी आता जमिनीपेक्षा महाग. १९९३ च्या 'स्लीपलेस इन सिॲटल' सिनेमात टॉम हँक्स ज्या तरंगत्या घरात राहतो, ते खरंच या तळ्यावर आहे. २०१४ मध्ये ते वीस लाख डॉलरच्या वर गेलं. पर्यटक कयाक वल्हवत येतात आणि घरांचे फोटो काढतात. आमच्या समोरच एकाने आजींच्या टोमॅटोचा काढला.

*

आवाज. तळ्यावर केनमोर एअरची सागरी विमानं उतरतात आणि उडतात. उन्हाळ्यात दिवसभर. ईस्टलेकच्या बाजूला हायवेच्या पुलाचा घोष, तो कधी थांबतच नाही. चार जुलैला तळ्याच्या मधोमध आतषबाजी. त्या रात्री म्हणे सगळे नातेवाईक आपोआप भेटायला येतात. याखेरीज पाणमांजरं. ती तराफ्याच्या पोकळीत शिरून बिऱ्हाड करतात, मासे खाऊन उरलेलं तिथेच टाकतात, आणि वास वर बैठकीच्या खोलीत येतो. आणि कोळी. पाण्यावर चिलटं, चिलटांवर कोळी. खिडकीच्या एकाच चौकटीत तीन जाळी होती, घर विकायला काढून झाडून-पुसून ठेवलेलं असताना.

तळ्याच्या उत्तर टोकाला गॅस वर्क्स पार्क. १९०६ ते १९५६ तिथे कोळशापासून गॅस बनवायचा कारखाना होता. १९७५ साली जुनी यंत्रं तशीच ठेवून त्याची बाग झाली. सुंदर बाग आहे. तिच्यासमोरच्या पाण्याच्या तळाशी त्या कारखान्याचा डांबरी गाळ अजून आहे. तळाची मालकी मिळते म्हणून हुरळून जाणाऱ्यांनी तळात काय आहे तेही बघावं.

*

वास्तुशास्त्र? एका मैत्रिणीने विचारलंच. ईशान्येला पाणी शुभ. इथे आठही दिशांना पाणी. पुढचं तिने विचारलं नाही.

*

आजींकडे चहा. ("चहा" म्हणजे गरम पाण्यात पुदिना, त्यांच्याच कुंडीतला.) त्यांना विचारलं, इतकी वर्षं का राहिलात? त्या पाण्याबद्दल काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, धक्क्यावरून जाताना प्रत्येकाला प्रत्येकाच्या दारावरूनच जावं लागतं. दोन दिवस कुणी दिसलं नाही तर तिसऱ्या दिवशी कडी वाजते. एकदा बर्फ पडून त्यांचं घर एका बाजूला कललं, तेव्हा त्या आपल्या मुलीकडे पोर्टलंडला होत्या. शेजाऱ्यांनी छपरावर चढून बर्फ ओढून काढला आणि मग फोन केला. बॉथेलला आमच्या शेजाऱ्यांचं आडनाव मला टपालाच्या पेटीवरून माहीत आहे.

हे मात्र वहीत लिहिताना मी रेघ मारली नाही, चौकट केली.

*

पाणबुड्याचा रिपोर्ट शेवटी ईमेलने आला. दोन पानं आणि फोटो. नैऋत्येचे दोन ओंडके पाण्याच्या रेषेवर मऊ. तीन तुळया बदलण्याजोग्या. पिंपं आणखी घालावी लागतील. काळजीचं काही नाही, जुन्या घराला एवढं निघायचंच, आणि हे सगळं पैशाने होतं. पाचरीचा उल्लेख मात्र त्यात नव्हता, म्हणजे ती रिपोर्टनंतरची. आणि जागेचा करार संपायला उरलेली वर्षं आमच्या वयाला पुरणारी नव्हती. नवऱ्याने दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले, चष्मा काढला आणि म्हणाला, "ओंडके बदलता येतील गं. मालक नाही बदलता येत."

*

हे घर घेतलं नाही. सोसायटीच्या धक्क्यावरचं निघालं तर बघू. एजंटबाईंना तसं सांगून ठेवलंय, आणि आजींनाही, कारण धक्क्यावरची बातमी आधी त्यांना कळते.

तुमच्यापैकी कुणी इथे घर बघायला येणार असेल तर जुलैतल्या रविवारी येऊ नका. त्या दिवशी कुणालाही घ्यावंसं वाटतं. नोव्हेंबरात या, संध्याकाळी साडेचारला, पाऊस पडत असताना, अंधार होताना. आत जाण्याआधी तीन कागद मागा: जागेचा करार, पाणबुड्याचा रिपोर्ट आणि धक्क्याच्या सोसायटीचे हिशेब. तिन्ही हातात आले तरच फाटक उघडा.